सही न करणारा लॉकहार्ट

इ. स. १७०७ हे साल उच्चारले की मराठी माणसाला अहमदनगरजवळची मोगलांची छावणी आठवते. त्या वर्षी मार्च महिन्यात औरंगजेब तेथे मरण पावला. मे महिन्यात आझमशहाने शाहूराजांना मोकळे केले आणि वर्ष संपण्यापूर्वी खेडच्या मैदानावर ताराराणींचे सैन्य आणि शाहूंचे सैन्य एकमेकांसमोर उभे राहिले. कोणत्या छत्राखाली उभे राहावे हा प्रश्न त्या वर्षी प्रत्येक सरदाराला, देशमुखाला आणि पाटलाला पडला होता.

त्याच १७०७ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेला, येथून हजारो मैल दूर, स्कॉटलंड नावाचे स्वतंत्र राज्य कागदोपत्री संपले. ते इंग्लंडशी जोडले गेले आणि 'ग्रेट ब्रिटन' हे नवे नाव जन्माला आले. लढाई झाली नाही, किल्ला पडला नाही. एक करार झाला, त्यावर सह्या झाल्या, आणि शतकानुशतके नांदत असलेली एक संसद आपल्याच ठरावाने विसर्जित झाली.

या कराराच्या वाटाघाटीसाठी नेमलेल्या माणसांत एक असा होता की ज्याने सर्व बैठका पाहिल्या, सर्व ऐकले, आणि सहीची वेळ आली तेव्हा सही केली नाही. त्याचे नाव जॉर्ज लॉकहार्ट. लॅनार्कशायरमधल्या कार्नवाथचा हा जमीनदार. तो कधी मंत्री झाला नाही, त्याने कधी सैन्य चालवले नाही. इतिहासाच्या जाड ग्रंथांत तो बहुधा तळटिपेत भेटतो. तरीही आपल्यासारख्या, दुसऱ्यांनी आखलेल्या रेषेच्या काठावर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या माणसांनी त्याची गोष्ट वाचावी असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

लॉकहार्टचे घराणे न्यायाधीशांचे. वडील सर जॉर्ज लॉकहार्ट हे स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचे अध्यक्ष होते. जॉन चिझली नावाच्या एका माणसाच्या घरगुती वादात त्यांनी लवाद म्हणून निकाल दिला आणि बायकोमुलांना पोटगी दे असे सांगितले. चिझलीने तो दंश मनात ठेवला. ३१ मार्च १६८९ रोजी, ईस्टरच्या रविवारी, प्रार्थना आटोपून घरी परतत असताना त्याने एडिंबरोच्या बोळात अध्यक्षांना गोळी घालून ठार केले. मुलगा जॉर्ज तेव्हा लहान होता. वडिलांची मोठी इस्टेट त्याच्याकडे आली, आणि तिच्याबरोबर वडिलांच्या पिढीची राजनिष्ठाही आली.

ही राजनिष्ठा कसली, ते थोडे सांगावे लागेल. १६८८ साली इंग्लंडमध्ये क्रांती होऊन स्ट्युअर्ट वंशाचा राजा दुसरा जेम्स परागंदा झाला आणि त्याचा जावई विल्यम गादीवर आला. स्ट्युअर्ट घराणे मुळात स्कॉटलंडचे. १६०३ पासून दोन्ही देशांचा राजा एकच असला तरी संसद वेगळी, कायदा वेगळा, चर्च वेगळे अशी व्यवस्था होती. परागंदा राजाच्या आणि त्याच्या मुलाच्या बाजूने जे राहिले त्यांना जॅकोबाइट म्हणतात. लॉकहार्ट हा त्यांपैकी. धर्मानेही तो अल्पसंख्य होता. बहुसंख्य स्कॉट प्रेस्बिटेरियन, म्हणजे बिशप न मानणारे, आणि हा बिशप मानणाऱ्या एपिस्कोपल पंथाचा. आपल्याच देशात दोन बाजूंनी अल्पमतात असलेला हा माणूस १७०३ साली एडिंबरोच्या परगण्यातून स्कॉटलंडच्या संसदेत निवडून गेला.

तो काळ स्कॉटलंडला फार वाईट होता. १६९० नंतरच्या दशकात ओळीने पिके बुडून दुष्काळ पडला होता. त्यातच १६९५ साली स्थापन झालेल्या स्कॉटिश व्यापारी कंपनीने पनामाच्या संयोगभूमीत डॅरिएन येथे वसाहत करण्याचे धाडस केले. सरदारांपासून दुकानदारांपर्यंत लोकांनी चार लाख पौंडांचे भाग घेतले. देशातील खेळत्या पैशाचा फार मोठा हिस्सा त्यात अडकला. तापाने, उपासमारीने आणि स्पेनच्या विरोधाने सुमारे दोन हजार माणसे मेली आणि १७०० साली सारा खेळ आटोपला. इंग्रज वसाहतींना मदत न करण्याचा हुकूम होता, ही जखम स्कॉट माणूस विसरला नाही.

पुढे प्रश्न गादीचा आला. ॲन राणीला वारस उरला नव्हता. इंग्लंडच्या संसदेने १७०१ साली परस्पर हॅनोव्हरच्या घराण्याला वारसा देऊन टाकला. स्कॉटलंडच्या संसदेने उत्तर दिले की आमचा वारस आम्ही ठरवू. यावर १७०५ साली इंग्लंडने कायदा केला की स्कॉटलंडने वाटाघाटीस मान्यता दिली नाही तर स्कॉट लोकांना इंग्लंडात परके धरले जाईल आणि त्यांची गुरे, कोळसा, तागाचे कापड यांना इंग्लंडची बाजारपेठ बंद होईल. तो कायदा पुढे मागे घेतला गेला, पण धाकाने आपले काम केले होते. तिजोरी रिकामी, बाजार बंद होण्याची भीती आणि शेजारी बलाढ्य. अशा वेळी वाटाघाटीचे निमंत्रण आले की त्याला निमंत्रण म्हणावे की समन्स, हे ज्याचे त्याने ठरवावे.

स्कॉटलंडच्या बाजूने बोलणी करणारे ३१ प्रतिनिधी कोणी नेमायचे? १ सप्टेंबर १७०५ रोजी विरोधी पक्षाचा पुढारी ड्यूक ऑफ हॅमिल्टन यानेच अचानक सूचना मांडली की नेमणूक राणीने करावी. विरोधकांपैकी बरेच जण तोवर घरी गेले होते. सूचना मंजूर झाली. राणी नेमणार म्हणजे राणीचे मंत्री नेमणार, आणि ते आपल्याला अनुकूल अशीच माणसे नेमणार, हे उघड होते. पुढाऱ्याने ऐन वेळी पाठ फिरवल्याचा हा पहिला अनुभव. दुसरा पुढे येणार होता.

मग कट्टर विरोधक लॉकहार्टचे नाव त्या यादीत कसे आले? त्याची आई फिलाडेल्फिया ही इंग्लंडमधल्या व्हार्टन घराण्यातली. त्या वेळचा व्हिग पक्षाचा मोठा मुत्सद्दी लॉर्ड व्हार्टन हा त्याचा मामा. मामाच्या शब्दाने भाचा वळेल असा हिशेब असावा. लॉकहार्टने आपल्या मित्रांचा सल्ला घेतला. त्यांनी सांगितले, नकार देऊ नकोस, आत बस, काय चालते ते पाहा आणि आम्हाला कळव. याला हेरगिरी म्हणता येईल. पण जेथे सारे दरवाजे बंद करून देशाचे भवितव्य ठरवले जात होते तेथे आपला एक कान असावा असे वाटणाऱ्यांना मी सर्वस्वी दोष देऊ शकत नाही.

१६ एप्रिल १७०६ रोजी लंडनमध्ये, व्हाइटहॉलच्या कॉकपिट नावाच्या इमारतीत, दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी जमले. प्रत्येकी ३१. वाटाघाट म्हटले की आपण समोरासमोरची चर्चा समजतो. येथे दोन्ही बाजू वेगवेगळ्या दालनांत बसत आणि लेखी प्रस्ताव एकमेकांकडे पाठवत. स्कॉट प्रतिनिधींपैकी काहींना संघराज्यासारखी रचना हवी होती, म्हणजे राजा आणि व्यापार एक, संसद मात्र वेगळी. इंग्रज बाजूने स्वच्छ सांगितले की पूर्ण विलीनीकरणाखेरीज दुसरे काही बोलायचे नाही. तीन महिन्यांत २५ कलमांचा मसुदा तयार झाला. २२ जुलै १७०६ रोजी सह्यांचा समारंभ झाला. लॉकहार्ट तेथे नव्हता. त्याने गाजावाजा केला नाही, भाषण ठोकले नाही. तो फक्त आला नाही.

करारात स्कॉटलंडला काय मिळाले आणि काय गेले? संसद गेली. तिच्या जागी लंडनच्या लोकसभेत ४५ आणि उमरावांच्या सभागृहात १६ जागा मिळाल्या. इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींचा व्यापार खुला झाला. स्कॉटलंडचा कायदा, न्यायालये आणि चर्च अबाधित राहिले. शिवाय ३,९८,०८५ पौंड १० शिलिंग एवढी रक्कम भरपाई म्हणून मिळायची होती, आणि तिच्यातून डॅरिएनमध्ये बुडालेल्या भागधारकांना त्यांचे मुद्दल व्याजासह परत मिळणार होते. हे भागधारक कोण? त्यांतले कितीतरी याच संसदेत मतदानाला बसणारे. प्रश्न देशाचा होता, पण प्रत्येकाच्या घरातली हिशेबाची वहीही टेबलावर उघडी होती.

मसुदा एडिंबरोला आला आणि गावोगाव आग पेटली. २३ ऑक्टोबरला जमावाने माजी नगरप्रमुख आणि करारावर सही करणारा सर पॅट्रिक जॉन्स्टन याच्या घरावर हल्ला केला. ग्लासगोत दंगे झाले. डम्फ्रीझच्या चौकात कराराची कलमे जाळण्यात आली. रॉबिन्सन क्रूसो ज्याने पुढे लिहिला तो डॅनिएल डिफो त्या वेळी एडिंबरोत इंग्रज मंत्र्याचा गुप्त हस्तक म्हणून वावरत होता. परगण्यांतून, नगरांतून, चर्चच्या मंडळ्यांतून अर्जांमागून अर्ज संसदेत येऊ लागले. सगळ्यांचा सूर एकच, की हा करार करू नका. त्यावर ड्यूक ऑफ अर्गाइलने, या कागदांचे पतंग करावेत, अशा अर्थाचे उद्गार काढल्याची नोंद आहे.

आपल्या भागातील ज्येष्ठांनी आपल्या हयातीत किती अर्ज, किती निवेदने, किती ठराव लिहिले आणि पाठवले, ते मी येथे मोजत बसणार नाही. अर्जाचा कागद पतंगासाठी बरा असे कोणी तोंडावर म्हणत नाही एवढीच आता सुधारणा.

४ नोव्हेंबर १७०६ रोजी पहिले कलम मतास पडले. बाजूने ११६, विरुद्ध ८३. ८३ हा आकडा लहान नाही, पण विरोधक एकसंध नव्हते. जॅकोबाइट, कडवे प्रेस्बिटेरियन, देशभक्त म्हणवणारे सरदार असे तीन तुकडे एकमेकांकडे संशयाने पाहत होते. अखेर ठरले की सर्वांनी मिळून एक निषेधपत्र सादर करावे आणि सभागृह सोडून बाहेर पडावे. हे पत्र वाचायचे होते हॅमिल्टनने. त्या दिवशी सकाळी निरोप आला की ड्यूकसाहेबांचे दात दुखत आहेत. मित्रांनी आग्रह करून त्याला सभागृहात आणले, तर पत्र मी मांडणार नाही असे म्हणून तो बसून राहिला. विरोध तेथेच विरघळला. ही दातदुखी लॉकहार्टने लिहून ठेवली म्हणून जगाला माहीत झाली.

१६ जानेवारी १७०७ रोजी ११० मतांनी करार मंजूर झाला. चॅन्सेलर लॉर्ड सीफील्डने अधिकृत प्रतीवर सही करून ती कारकुनाकडे दिली आणि एक जुने गाणे संपले अशा अर्थाचे काहीतरी तुच्छतेने तो म्हणाला. स्कॉटलंडच्या इतिहासातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध झालेले हे वाक्यही आपल्यापर्यंत लॉकहार्टच्याच लेखणीतून आले आहे. पराभूतांचे एक काम असते, ते म्हणजे आठवण ठेवणे. ते त्याने चोख केले.

आता येथे त्याची गोष्ट संपली असती तर तो एक हळवा देशभक्त म्हणून उरला असता. पण लॉकहार्ट घरी बसला नाही. ज्या संसदेच्या जन्माला त्याने विरोध केला तिच्यातच तो १७०८ साली निवडून गेला आणि १७१५ पर्यंत तेथे बसला. त्याच १७०८ च्या मार्चमध्ये फ्रेंच आरमार परागंदा राजपुत्राला घेऊन फोर्थच्या खाडीपर्यंत आले आणि तसेच परत गेले. तलवारीचा मार्ग त्या वेळी तरी बंद झाला होता. लॉकहार्टने कागदाचा मार्ग धरला.

१७११ साली सरकारी हिशेब तपासण्यासाठी लोकसभेने सात जणांची समिती निवडली. तिच्यात लॉकहार्ट होता. याच समितीच्या अहवालावरून रॉबर्ट वॉलपोल, जो पुढे इंग्लंडचा पहिला पंतप्रधान म्हणून ओळखला गेला, त्याला १७१२ साली लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत जावे लागले. आणि याच तपासात एक जुनी नोंद वर आली. कराराच्या वेळी इंग्लंडच्या खजिन्यातून गुप्तपणे २० हजार पौंड स्कॉटलंडला गेले होते आणि अर्ल ऑफ ग्लासगोच्या हातून वाटले गेले होते. लॉकहार्टने यादी मिळवली. एकूण रक्कम २०,५४० पौंड १७ शिलिंग ७ पेन्स. त्यातले १२,३२५ पौंड राणीचा प्रतिनिधी ड्यूक ऑफ क्वीन्सबेरी याला मिळाले. शेवटाकडे लॉर्ड बॅन्फ याचे नाव, त्याच्यापुढे ११ पौंड २ शिलिंग.

स्कॉटलंड सोन्याच्या नाण्यांवर विकला गेला, ही जी लोकभावना पुढे गाण्यांतून आणि कथांतून रुजली, तिचा कागदी आधार ही यादी आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला मात्र येथे थोडे थांबावेसे वाटते. यादीतील बऱ्याच रकमा थकलेल्या पगाराच्या होत्या असे सांगितले गेले, आणि ते काही अंशी खरे आहे. हजार पौंड घेणाऱ्या ड्यूक ऑफ ॲथोलने कराराच्या विरोधातच मत दिले. तेव्हा प्रत्येक नाणे म्हणजे एक विकत घेतलेले मत असे गणित मांडता येत नाही. पण थकबाकी सगळ्यांची होती. ती नेमकी कोणाची, नेमकी केव्हा आणि गुपचूप का चुकती झाली, याचे उत्तर कोणी दिले नाही. न्यायाने मिळणारा पैसाही ज्याला अंधारात घ्यावा लागतो त्याचे मत मोकळे राहत नाही, एवढे तरी या यादीवरून म्हणता येते.

लॉकहार्टच्या संसदीय कारकिर्दीतील आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिचे टोक आपल्या दारापर्यंत आले आहे. १७१२ साली लंडनच्या संसदेने स्कॉटलंडसाठी दोन कायदे केले. एकाने एपिस्कोपल पंथीयांना उपासनेची मोकळीक दिली. दुसऱ्याने गावच्या चर्चचा धर्मोपदेशक नेमण्याचा हक्क जमीनदारांना परत दिला. या कायद्यांसाठी खटपट करणाऱ्यांत लॉकहार्ट पुढे होता. आपल्या पंथाला न्याय मिळावा हा हेतू होताच, पण प्रेस्बिटेरियन मंडळींना या जोडणीचा वीट यावा हाही हिशेब होता. पहिला कायदा न्यायाचा होता. दुसऱ्याने मात्र सव्वाशे वर्षे भांडणे लावली. जमीनदाराने लादलेला उपदेशक आम्हाला नको म्हणत १८४३ साली स्कॉटलंडचे चर्च उभे दुभंगले आणि शेकडो धर्मोपदेशक घर आणि वेतन सोडून बाहेर पडले. मुंबईत शाळा चालवणारे डॉ. जॉन विल्सन त्यांच्यात सामील झाले. आधीची संस्था सोडून त्यांनी नवी उभी केली, तीच पुढे विल्सन कॉलेज झाली. नागपूरला आलेले स्टीफन हिस्लॉप हेही याच फुटून निघालेल्या चर्चचे. सूड उगवण्यासाठी केलेल्या एका कायद्याचे फळ असे कोठल्या कोठे येऊन पडले.

१७१३ साली माल्टवर, म्हणजे बिअरसाठी भिजवून मोड आणलेल्या धान्यावर, कर बसवण्याचे ठरले तेव्हा स्कॉटलंड पुन्हा पेटला. करारातील शब्द मोडला असे सर्वांनाच वाटले. राणीला भेटायला चार जण गेले. त्यात लॉकहार्ट होता आणि त्याच्या शेजारी, अर्जांचे पतंग करायला निघालेला ड्यूक ऑफ अर्गाइल होता. जूनमध्ये उमरावांच्या सभागृहात जोडणी रद्द करण्याचा ठराव आला. तो मांडणारा कोण? जुने गाणे संपले म्हणणारा तोच सीफील्ड, आता अर्ल ऑफ फाइंडलेटर झालेला. उपस्थितांची मते समसमान पडली, ५४ आणि ५४. गैरहजर सभासदांच्या मुखत्यारीची मते मोजल्यावर ठराव अवघ्या ४ मतांनी पडला. सहा वर्षांत करारावर सही करणारेही न करणाऱ्याच्या बाजूला येऊन उभे राहिले होते.

१७१४ साली ॲन राणी वारली आणि हॅनोव्हरचा जॉर्ज गादीवर आला. त्याच वर्षी लॉकहार्टच्या आठवणींचे हस्तलिखित त्याच्या संमतीशिवाय, नाव न घालता, लंडनमध्ये छापले गेले. त्यात त्याने जिवंत माणसांची अशी चित्रे काढली होती की लिहिणारा कोण हे लपणे शक्य नव्हते. शत्रू तर वाढलेच, मित्रही दुखावले. १७१५ च्या सप्टेंबरात अर्ल ऑफ मारने जॅकोबाइटांचे निशाण उभारले. त्याच्या आधीच सरकारने लॉकहार्टला पकडून एडिंबरोच्या किल्ल्यात टाकले होते. त्यामुळे तो वाचला. त्याचा भाऊ फिलिप वाचला नाही. प्रेस्टन येथे तो पकडला गेला. तो इंग्लंडच्या सैन्यात निम्म्या पगारावर नोंदलेला अधिकारी होता, म्हणून त्याला फितूर शिपाई ठरवून गोळ्या घालण्यात आल्या. लॉकहार्ट पुढे खटल्याशिवाय सुटला. निवडणूक त्याने पुन्हा लढवली नाही.

१७१८ पासून १७२७ पर्यंत तो परागंदा राजपुत्राचा स्कॉटलंडमधील गुप्त वकील होता. परदेशातील दरबाराशी पत्रव्यवहार, देशातील भांडणाऱ्या निष्ठावंतांची समजूत आणि पैशाची जमवाजमव असे त्याचे काम. जेथे राज्यच नाही तेथेही मानापमान आणि कारस्थाने किती असतात हे त्याने या वर्षांत पाहिले. १७२७ मध्ये पत्रे पकडली गेली. तो निसटून हॉलंडला गेला. १७२८ साली त्याला परत येण्याची परवानगी मिळाली, आणि १७ डिसेंबर १७३१ रोजी एका द्वंद्वयुद्धात तो मारला गेला. सारी हयात कागदावर लढलेल्या माणसाचा शेवट तलवारीच्या रिवाजाने झाला.

त्याचे कागद घराण्यात दडून राहिले. त्याचा नातू १७४५ च्या शेवटच्या जॅकोबाइट उठावात सामील झाला होता, तेव्हा ते बाहेर काढणे परवडणारे नव्हते. १८१७ साली ते दोन खंडांत प्रसिद्ध झाले. स्ट्युअर्टांची मागणी तोवर संपली होती.

या माणसाकडे कसे पाहावे? मी त्याला वीर म्हणणार नाही. ज्या राजपुत्रासाठी त्याने आयुष्य वेचले तो गादीवर आला असता तर संसदेचा मान राखता की नाही, याची शंका घेण्यास पुष्कळ जागा आहे. लॉकहार्टच्या इस्टेटीत कोळशाच्या खाणी होत्या, आणि स्कॉटलंडच्या कायद्याने १६०६ पासून खाणकामगार मालकाच्या खाणीला जन्मभर बांधलेला असे. ही वेठ पूर्णपणे संपायला १७९९ उजाडावे लागले. देशाच्या स्वातंत्र्यावर लिहिणाऱ्या त्या लेखणीला या माणसांचे स्वातंत्र्य दिसल्याचे कोठे आढळत नाही. त्याला निवडून देणारे मतदारही मूठभर जमीनदारच. जनता म्हणून तो ज्यांच्या नावाने बोलत होता त्यांना मत नव्हते. त्यांच्याजवळ अर्ज होता आणि दगड होता.

आणि तरीही त्याची लेखणी नसती तर काय उरले असते? करार, कलमे, मतांचे आकडे, आणि सारे आनंदाने झाले असे सांगणारी जेत्यांची पुस्तके. दातदुखी, ११ पौंड २ शिलिंग आणि संपलेले गाणे हे आपल्याला कळलेच नसते. आमचे आम्हाला विचारले नाही, ही तक्रार जिवंत ठेवायला तक्रारीचा तपशील लागतो. तारीख लागते, नाव लागते, रक्कम लागते. नुसती वेदना दोन पिढ्यांत विरून जाते.

या कथेचा एक धागा थेट आपल्या अंगणात येतो. जोडणीनंतर इंग्लंडच्या ईस्ट इंडिया कंपनीची दारे स्कॉट तरुणांना उघडी झाली. शंभर वर्षांनी मराठी राज्याच्या अखेरीला आपल्याला जे गोरे अधिकारी भेटतात त्यांची गावे पाहा. ज्या ग्लासगोत दंगे झाले तेथला थॉमस मन्रो. त्याने एप्रिल १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला घेतला. ज्या डम्फ्रीझ परगण्यात कलमे जाळली तेथला जॉन माल्कम. त्याने जानेवारी १८१८ मध्ये मंदसौर येथे होळकरांशी तह करून माळव्याची घडी बसवली. ज्या बॅन्फच्या लॉर्डाने ११ पौंड २ शिलिंग घेतले त्या बॅन्फ गावी जन्मलेला जेम्स ग्रँट डफ. तो साताऱ्याला राहिला आणि १८२६ साली त्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला. एकाचे राज्य करारात गेले आणि त्याची पणतवंडे दुसऱ्याचे राज्य तहात घ्यायला आली. इतिहासात पीडित आणि पीडक अशा कायमच्या जाती नसतात.

स्कॉटलंडची संसद १९९९ साली पुन्हा भरली. १८ सप्टेंबर २०१४ रोजी, करारानंतर ३०७ वर्षांनी, तेथील लोकांना वेगळे व्हायचे का असे प्रथमच मतपेटीतून विचारले गेले. ५५.३ टक्क्यांनी नाही म्हटले, ४४.७ टक्क्यांनी होय म्हटले. लॉकहार्टला हवे असलेले उत्तर आले नाही. पण विचारले गेले.

विचारणे ही किती मोठी गोष्ट आहे हे आपल्या शेजारच्या गोव्याला माहीत आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी तेथे जनमत कौल झाला आणि महाराष्ट्रात विलीन न होण्याचा पक्ष ३४,०२१ मतांनी जिंकला. स्कॉटलंडची संसद जिने कोणाला न विचारता स्वतःला संपवले, तिचा ठरावही १६ जानेवारीचाच. विलीनीकरणाच्या बाजूने मत दिलेली कुटुंबे गोव्यात आजही आहेत. त्यांना निकाल लागला, पण आपण मोजले गेलो एवढे समाधान त्यांच्याजवळ आहे. बेळगावकडच्या आपल्या लोकांना १९५६ साली असे विचारले गेले नाही. पुढे महाजन आयोग झाला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि त्या अर्जांच्या थप्पीत आमच्या वडिलधाऱ्यांची उमेद पिवळी पडत गेली. आमच्या घरांत कानडी सुना आल्या, मुले दोन्ही भाषांत भांडतात आणि दोन्ही भाषांत हसतात. शेजाऱ्याशी आमचे वैर नाही. विचारले गेले नाही ही गोष्ट मात्र खरी आहे, आणि ती खरी आहे असे म्हणण्याने शेजार बिघडत नाही.

म्हणून लॉकहार्टकडून घ्यायचे ते एवढेच, की जुने कागद फेकू नका. घराच्या माळ्यावर ठरावांच्या प्रती असतील, सह्यांच्या याद्या असतील, परत आलेले अर्ज असतील. त्यांवर तारखा घाला, नावे लिहा आणि बांधून ठेवा. त्याचे कागद त्याच्यामागे ८६ वर्षांनी उजेडात आले. आपलेही कोणीतरी वाचील.